ठरल्या वेळी समोरचा मिळत नाही? आधी तारीख बघा

आपल्या हॅम (हौशी) रेडिओ गटातल्या, सोलापूरच्या विजापूर रोडवरच्या सदस्याने लिहिलंय की जर्मनीतल्या मित्राशी ७ मेगाहर्ट्झवर वेळ ठरवली, दोन रात्री जागून काही ऐकू आलं नाही, आता रेडिओ दुरुस्तीला देतोय. थांबा, देऊ नका. मी हेच भोगलंय.

माझं एका मित्राशी ठरलं होतं १२ तारीख, २०३० यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचे रात्रीचे साडेआठ. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवले, रात्रीचे दोन. हिशोब बरोबर, तारीख चुकली. दोन वाजता आपल्याकडे १३ लागलेली असते. मी १२च्या पहाटे दोनला बसलो, म्हणजे एक दिवस आधी. शेजारचे माग बंद होते, त्यामुळे रेडिओवर खरखर नव्हती, इटलीवाले स्वच्छ येत होते. तीनपर्यंत मित्राच्या कॉलसाइनला (रेडिओवरच्या ओळख-नावाला) हाका मारल्या. मग अँटेनातच दोष आहे असं धरून सकाळी डायपोल, म्हणजे तारेची अँटेना, उतरवला. अँटेनाच्या कोॲक्स केबलच्या टोकाची तांब्याची जाळी हिरवट पडली होती, ती कापून नवा टाका मारेपर्यंत ऊन चढलं आणि राहिलेलं काम दुसऱ्या दिवसावर ढकललं. त्याच रात्री तो मला तासभर बोलावत होता, आणि माझी तार गच्चीवर वेटोळं होऊन पडली होती. पुढे त्याने घर बदललं, अँटेनाला जागा राहिली नाही. तो संपर्क राहिला तो राहिलाच. अजून लागतं मनाला.

म्हणून वेळ कळवताना यूटीसी आणि भारतीय वेळ, दोन्ही तारखा आणि वारासकट लिहा. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं सरकतात, त्यामुळे ‘तुमच्याकडचे दहा’ या बोलीवर काही ठरवू नका. पहिली हाक कोणाची, फ्रिक्वेन्सी अडली तर वर किती किलोहर्ट्झ सरकायचं, हेही आधीच ठरवा. मी सम मिनिटाला बोलावतो, विषम मिनिटाला ऐकतो.

‘येतोय का माझा आवाज?’ असं त्याच वेळी व्हॉट्सॲपवर विचारणं मला पटत नाही. सिग्नल कसा येतोय याचा रिपोर्ट हवेतूनच यायला हवा, नाहीतर तो संपर्क कसला? काहींना हे कडक वाटेल, पण माझं मत पक्कं आहे.

जाता जाता: पुण्याशी दिवसा बोलायचं तर ४० मीटरच (७ मेगाहर्ट्झचा पट्टा) घ्या. २० मीटरवर (१४ मेगाहर्ट्झ) तुमचा सिग्नल बहुतेक वेळा पुण्याच्या डोक्यावरून जाईल. तुमच्या गच्चीवरचा रेडिओतला गोंगाट माझ्यापेक्षा वेगळा असेल, तेवढं धरून चाला.

आज मित्राचा निरोप काढून त्यातली तारीख वाचा आणि इथे लिहा. ७३ (हॅम भाषेत शुभेच्छा).