व्हिसा हाती आला म्हणजे परवाना मिळाला असे नव्हे: निवास परवान्याबाबत वाचकांची प्रश्नोत्तरे

बडोद्याहून जर्मनी, कॅनडा आणि इंग्लंडकडे निघालेल्या कुटुंबांकडून या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो, तो म्हणजे व्हिसा आणि निवास परवाना एकच आहेत. अनेक देशांत व्हिसा हा प्रवेशापुरता आणि सुरुवातीच्या काही महिन्यांपुरता असतो. तेथे दीर्घकाळ राहण्याचा परवाना निराळ्या कार्यालयाकडून, निराळ्या कागदपत्रांवर आणि ठरलेल्या मुदतीत मिळवावा लागतो. पुढील उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. नियम वारंवार बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी संबंधित दूतावासाचे संकेतस्थळ पाहावे आणि अधिकृत सल्लागाराकडून आपली कागदपत्रे तपासून घ्यावीत.

प्रश्न: मुलाला म्युनिकच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे. व्हिसा सहा महिन्यांचा आहे, परंतु पुढे तो आपोआप वाढतो असे एजंट सांगतात. हे खरे आहे का? (अलकापुरी)

आपोआप काहीही वाढत नाही. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत मुलाने तेथील नागरिक कार्यालयात पत्ता नोंदवला पाहिजे आणि त्यासाठी तो खरोखर तेथे राहतो असे घरमालकाचे लेखी पुष्टीपत्र लागते. त्यानंतर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडे, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेकडे, निवास परवान्यासाठी अर्ज करायचा असतो आणि तो व्हिसाची मुदत संपण्यापूर्वीच पोहोचला पाहिजे. मोठ्या शहरांत भेटीची वेळ महिनोन्महिने मिळत नाही हे खरे आहे. तथापि मुदतीत अर्ज केलेला असल्यास निर्णय होईपर्यंत आधीचा हक्क कायम राहतो आणि तसे तात्पुरते प्रमाणपत्रही देण्यात येते. म्हणून अर्ज केल्याची पोच जपून ठेवावी. मुदत उलटल्यावर अर्ज करणाऱ्याला हे संरक्षण हक्क म्हणून मिळत नाही.

याच पत्रात गोठवलेल्या खात्याचाही, म्हणजे राहण्याचा खर्च आधी भरून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या बँक खात्याचाही, उल्लेख आहे. सध्या विद्यार्थ्याला वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, दाखवावे लागतात. ही रक्कम काही दिवसांपुरती 'फिरवून देतो' असे सांगणाऱ्यांपासून कृपया दूर राहावे. तेथे गेल्यावर मुलगा दरमहा याच खात्यातून खर्च करणार असतो आणि परवाना वाढवताना उपजीविकेचा पुरावा पुन्हा मागितला जातो, तेव्हा उसने पैसे परत गेलेले असतात आणि अडचणीत मुलगा एकटा सापडतो. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागाला आजच ईमेल पाठवून त्यांची कागदपत्रांची यादी मागवावी.

प्रश्न: पर्यटक व्हिसावर जर्मनीला जाऊन तेथे नोकरी शोधून परवाना काढता येईल का? (मांजलपूर)

नाही. पर्यटकांना मिळणाऱ्या अल्पकालीन शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येते आणि नोकरीचा परवाना हवा असेल तर भारतात परतून राष्ट्रीय, म्हणजे दीर्घ मुदतीच्या, व्हिसासाठी अर्ज करावा लागतो.

प्रश्न: मुलीचे लग्न जर्मनीत ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्यावर) असलेल्या अभियंत्याशी झाले आहे. तिच्या जन्मदाखल्यात नावाची जागा कोरी आहे, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आहे आणि आधार कार्डावर सासरचे नाव आले आहे. प्रतिज्ञापत्र जोडले की पुरते, असे एजंट म्हणतात. दूतावासाची भेट दोन महिन्यांवर आहे. काय करावे? (दांडिया बाजार)

याच प्रश्नाने मला सर्वांत अधिक काळजी वाटते, कारण बडोद्यातील मराठी घरांत ही स्थिती सर्रास आढळते आणि ती तपासण्याचे काम प्रत्येक वेळी शेवटच्या महिन्यावर ढकलले जाते.

प्रथम प्रतिज्ञापत्राविषयी. प्रतिज्ञापत्र म्हणजे तुमचे स्वतःचे शपथेवरचे म्हणणे. त्याने नोंदवहीतील नोंद बदलत नाही. जर्मनी भारतीय कागदपत्रांवरील अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरावा म्हणून आंतरराष्ट्रीय कराराखाली मारला जाणारा शिक्का) स्वीकारत नाही, कारण भारत २००५ मध्ये त्या करारात सामील झाला तेव्हा जर्मनीने आक्षेप घेतला होता; त्यामुळे गरज वाटल्यास जर्मन दूतावास मूळ नोंदींची पडताळणी करवून घेतो. पडताळणी करणारा माणूस महानगर सेवासदनाच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात जाऊन नोंदवही पाहतो. तेथे नावाची जागा कोरी असेल तर तुमच्या फाइलमधील सुबक प्रतिज्ञापत्राचा उपयोग काय?

लग्नाच्या व्हिसाच्या वेळी हा दाखला कदाचित कोणी मागणारही नाही, आणि म्हणूनच 'चालून जाते' अशी समजूत पसरली आहे. परंतु दोन-तीन वर्षांनी जर्मनीत बाळ झाले की तेथील नोंदणी कार्यालय आई-वडील दोघांचे जन्मदाखले मागते. त्या वेळी बाळाची नोंद अडते, बाळाचा पासपोर्ट अडतो आणि बडोद्यात आजी-आजोबांना रांगेत उभे राहावे लागते.

आता क्रम. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १४ खाली नाव नसलेल्या नोंदीत नाव घालता येते आणि कलम १५ खाली चूक दुरुस्त करता येते. नाव घालण्याला मुदत असते. ती उलटली असल्यास कोणता मार्ग उरतो, हे निबंधकांना लेखी अर्ज देऊन विचारावे आणि उत्तरही लेखीच घ्यावे, कारण खिडकीवर ऐकलेले पुढे कोणी मान्य करत नाही. जन्मदाखला नीट झाला की तो पासपोर्टशी ताडून पाहावा. गुणपत्रिकेवर आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव असा क्रम असणे गुजरातेत नेहमीचे आहे आणि एवढ्यानेच सहसा अडत नाही. अडते ते इंग्रजी स्पेलिंगमुळे. गायकवाड हे आपल्या शहरातले सर्वांत परिचित आडनाव, पण त्याचेही शेवटचे अक्षर कोणी 'डी' लिहितात तर कोणी 'आर', मधला स्वर एका कागदावर 'एई' असतो तर दुसऱ्यावर 'एआय'. एकाच घरात बापाच्या पासपोर्टवर एक आणि मुलीच्या दाखल्यावर दुसरे असे असेल, तर परक्या देशातील कारकुनाने ही बाप-लेक आहेत हे कशावरून मानावे? सर्व कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून एकेक अक्षर जुळवणे हे तासाभराचे काम आहे. प्रवेश किंवा लग्न ठरण्यापूर्वीच ते करावे.

विवाह नोंदणी प्रमाणपत्रावरील मुलीचे पूर्वीचे नाव पासपोर्टवरील नावाशी जुळलेच पाहिजे. लग्नानंतर पासपोर्टवर सासरचे नाव घालणे कायद्याने बंधनकारक नाही, तेव्हा अर्ज चालू असताना तो बदलण्याची घाई करू नये. आधारवर बदल झालाच आहे, तर विवाह प्रमाणपत्र हा या दोन नावांमधील दुवा म्हणून सोबत जोडावा. ब्लू कार्डधारकाच्या पत्नीला व्हिसासाठी जर्मन भाषेच्या प्राथमिक परीक्षेची अट नाही, त्यामुळे त्या शिकवणीचे पैसे कोणी 'अनिवार्य' म्हणून मागत असल्यास देऊ नयेत. भाषा शिकणे मात्र तिच्या हिताचेच आहे. दोन महिन्यांत दाखला दुरुस्त होईलच असे सांगता येत नाही, म्हणून दूतावासाच्या यादीत तो आहे की नाही हे आधी पाहावे, भेट तशीच ठेवावी, दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यात द्यावा आणि नोंदणीच्या कामाचा अनुभव असलेल्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न: कॅनडाच्या पीआरसाठी (कायमस्वरूपी निवासासाठी) नोकरीचे पत्र विकत घेतल्यास गुण वाढतात, असे सयाजीगंजमधील एका सल्लागाराने सांगितले. तसेच पीआर मिळाल्यावर वर्षातून एकदा टोरांटोला जाऊन आले की पुरते, हे बरोबर आहे का? (कारेलीबाग)

दोन्ही चूक, आणि पहिले तर गुन्ह्याच्या वाटेवर नेणारे आहे. नोकरीच्या प्रस्तावासाठी एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे पीआरचे अर्जदार गुणांवर निवडण्याच्या पद्धतीत, मिळणारे अतिरिक्त गुण कॅनडाने २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले आहेत, म्हणजे ते पत्र विकणारा तुम्हाला न मिळणाऱ्या गुणांचे पैसे मागत आहे. खोटा कागद उघडकीस आल्यास पाच वर्षे अर्ज करण्याचीही बंदी येऊ शकते. पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जावर सल्ला देण्याचा अधिकार तेथील वकिलांना आणि तेथील सल्लागारांच्या नियामक संस्थेचा ('कॉलेज' असे तिचे नाव आहे) परवाना असलेल्यांनाच आहे. परवानाधारकांची यादी ऑनलाइन खुली आहे, नाव टाकून पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. 'पीआरची हमी' असा फलक दिसला तर पायरी चढू नये, कारण निर्णय सरकारचा असतो आणि त्याची हमी कोणालाही देता येत नाही.

राहण्याविषयी: पाच वर्षांच्या कालावधीत किमान ७३० दिवस प्रत्यक्ष कॅनडात राहावे लागते. याला काही अपवाद आहेत, पण ते तुम्हाला लागू आहेत की नाही हे परवानाधारक सल्लागारालाच विचारावे.

प्रश्न: मुलगा जर्मनीत नोकरी करतो. आम्हा दोघांना, वय ६८ आणि ६४, कायमचे त्याच्याकडे जाता येईल का? (रावपुरा)

१ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर ज्यांना कुशल कर्मचारी म्हणून परवाना पहिल्यांदा मिळाला, त्यांना आई-वडिलांना बोलावण्याची सोय आहे. मुलाला परवाना त्याआधी मिळाला असेल तर ही वाट बंद आहे, म्हणून पहिल्या परवान्यावरील तारीख त्याच्याकडून आजच मागवावी. खरी अडचण आरोग्य विम्याची आहे. तेथील नियमांत बसेल असा पूर्ण विमा असल्याशिवाय परवाना मिळत नाही आणि या वयात तो मिळवणे कठीण व महागडे असते; प्रवास विम्याने ही अट पूर्ण होत नाही. बडोद्यातील घर विकण्याचा विचार आपण पत्रात मांडला आहे. विम्याचे लेखी पत्र हाती येईपर्यंत तो कृपया पुढे ढकलावा आणि मुलाला त्याच्या शहरातील परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष विचारणा करायला सांगावे.

प्रश्न: इंग्लंडमधील मुलीच्या निवास कार्डाची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. तिचा परवाना संपला का? (फतेहगंज)

बहुधा नाही, तेथे कार्डांऐवजी ई-व्हिसा, म्हणजे परवान्याची ऑनलाइन नोंद, आला आहे, म्हणून तिने आपले खाते उघडून परवान्याची खरी तारीख आणि जोडलेला पासपोर्ट क्रमांक तपासावा.

प्रश्न: जर्मनीतील निवास परवाना दोन वर्षांचा शिल्लक आहे. आईच्या शस्त्रक्रियेसाठी बडोद्यात आठ महिने राहिलो तर चालेल का? (वाघोडिया रोड)

साधा परवाना असेल तर चालणार नाही. सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास तो कायद्यानेच रद्द होतो, कार्डावर छापलेली तारीख पुढची असली तरी. ब्लू कार्डाला ही मर्यादा बारा महिन्यांची आहे. सबळ कारण असल्यास कार्यालय अधिक मुदत देऊ शकते, म्हणून रुग्णालयाचे पत्र आणि त्याचे अधिकृत भाषांतर जोडून निघण्यापूर्वीच अर्ज करावा आणि मंजुरी लेखी मिळाल्यावरच सहा महिन्यांपलीकडचे परतीचे तिकीट काढावे.