बॉटला समोरचा माणूस कसा कळावा?

दादा, लातूरकडच्या शेतकऱ्यांसाठी हरभरा-सोयाबीनचा सल्ला देणारा बॉट, म्हणजे आपोआप बोलणारा प्रोग्रॅम, करताय आणि बोलणं सुरू होण्याआधी वय, शिक्षण, जमीन असा फॉर्म भरून घ्यावा का, असं विचारलंय तुम्ही. माझं ऐकाल तर नका घेऊ. माणूस निम्म्यातच फोन ठेवतो.

परभणी स्टेशनच्या चौकशी खिडकीशी जरा उभे राहा. कुणीतरी येतं, नुसतं "देवगिरी?" म्हणतं. ही गाडी मुंबईकडेही जाते अन् सिकंदराबादकडेही. आतला माणूस घड्याळ बघून कोणती ते ताडतो, वेळ सांगतो आणि न विचारलेला प्लॅटफॉर्मही सांगतो, कारण समोरच्याला गाडी गाठायचीय. जेम्स ॲलन आणि रेमंड पेरो या संशोधकांनी १९८० साली कॉम्प्युटरसाठी नेमकी हीच रीत मांडली, तीही रेल्वे चौकशीच्याच उदाहरणावर: बोलण्यामागचा बेत ओळखायचा आणि तो जिथं अडेल ती माहिती आपणहून द्यायची.

माणसाला एखाद्या ठरावीक साच्यात, म्हणजे प्रकारात, बसवून ओळखायची वाट त्याच्याही आधीची. इलेन रिच यांची १९७९ ची ‘ग्रंडी’ प्रणाली पुस्तकं सुचवायची. माणूस स्वतःबद्दल दोन-चार शब्द बोलला की त्यावरून साचा लावायची, पण कच्चा. पुढच्या उत्तरांनी तो बदलायचा. हा कच्चेपणाच लोक विसरतात. आम्हीही विसरलो.

आमच्या जुन्या फोन-सेवेत ‘मर’ (झाड उभं वाळण्याचा रोग) असा शब्द वापरला की जाणकार, नाहीतर नवखा, असा नियम मीच लिहिला होता. एका काकांनी सांगितलं, "हरभरा वाळायलाय. झाड उभं चिरलं तर आतून काळं निघालंय." मर रोगाची याहून नेमकी खूण कोणती? पण आमच्या यंत्रानं ‘वाळायलाय’ ऐकलं, नवखा ठरवलं आणि "हरभरा हे रब्बी पीक आहे" इथून सुरुवात केली. काकांनी फोन आपटला. बोली म्हणजे अडाणीपण, हे आम्ही नकळत नियमातच घालून ठेवलं होतं.

तेव्हा शब्दापेक्षा निरीक्षण मोजा. जाणकारी विषयागणिक वेगळी ठेवा. मर ओळखणाऱ्याला पीक विम्याचा अर्ज जमेलच असं नाही. आणि ज्यानं उत्तर बदलतं तेवढंच विचारा: "कोरडवाहू का पाण्याखालचं?" बस्स.

अजून एक, नंबराला माणूस समजू नका. सकाळी बाप बोलतो, संध्याकाळी त्याच फोनवरून पोरगी कॉलेजच्या प्रोजेक्टचं विचारते.