वाचक विचारतात : स्मेतानाची नदी कशी ऐकावी?

प्रश्न : चेक संगीतकार बेडरिख स्मेतानाची 'व्हल्टावा' ही सिंफनिक पोएम (एका नदीचं वर्णन करणारी ऑर्केस्ट्राची रचना) ऐकतो. मुख्य धून लक्षात राहते, पण मधला भाग निसटतो. नोटेशन वाचता येत नाही. काय धरून ऐकावं?

उत्तर : वाद्यं धरून ऐका. नदीचे टप्पे स्मेतानानेच स्कोअरमध्ये, म्हणजे रचनेच्या लिखित नोटेशनमध्ये, शब्दांत लिहून ठेवलेत, त्यामुळे तर्क लढवायला नको. १८७४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, तीन आठवड्यांच्या आत त्याने ही रचना पुरी केली. ऑक्टोबरमध्येच त्याचे दोन्ही कान पूर्ण गेले होते, हे विसरू नका!

सुरुवातीला आळीपाळीने धावणारे दोन फ्लूट म्हणजे पहिला झरा. क्लॅरिनेट मिसळले की दुसरा. साधारण मिनिटाभराने ओबो आणि व्हायोलिन मुख्य धून उचलतात. 'ई' हा सा मानला, तर ती खालच्या पंचमावरून षड्जावर येते, मग रे, कोमल ग, म, प, कोमल ध अशी चढून पुन्हा सा पर्यंत उतरते. एवढं गुणगुणून पक्कं करा, पुढे लागेल.

मग हॉर्नवर शिकार. त्यानंतर सहा मात्रांची झुलती चाल थांबून दोन मात्रांचा पोल्का (चेक लोकनाच) सुरू होतो, ते खेड्यातलं लग्न. तुमच्या हातून निसटतो तो बहुधा याच्या पुढचा, चांदण्यातल्या जलपऱ्यांचा भाग. तिथे व्हायोलिनना म्यूट (आवाज दबवणारे चिमटे) लावलेले असतात, त्यामुळे मोबाइलच्या स्पीकरवर जवळजवळ काहीच पोचत नाही. हेडफोन घ्या. मात्र इथे आवाज वाढवू नका, कारण पुढे सेंट जॉनच्या खळाळाचा (नदीतल्या खडकाळ, वेगवान प्रवाहाचा) दणका आहे. आवाजाची पातळी आधी त्या खळाळावर ठरवा आणि शांत खोलीत ऐका.

खळाळ ओसरला की तीच धून शुद्ध गंधार घेऊन येते. नदी आता प्राग शहरात रुंद झालेली असते. पाठोपाठ ब्रास वाद्यांवर व्हिशेह्राड किल्ल्याची धून घुमते. शेवटी सगळं विरत जातं, पण तिथे बंद करू नका, दोन जोरदार कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) अजून बाकी असतात.

प्रश्न : 'व्हल्टावा' ज्या मालिकेतली आहे, त्या स्मेतानाच्या 'मा व्लास्त'मधल्या सहाही रचना क्रमानेच ऐकायच्या का?

उत्तर : सगळ्या नाही. 'व्हिशेह्राड' मात्र 'व्हल्टावा'च्या आधी ऐका, म्हणजे किल्ल्याची धून ओळखता येईल; ती हार्पवर सुरू होते. 'ताबोर' आणि 'ब्लानिक' सलग ऐका, दोन्ही एकाच हुसाइट (चेक धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांच्या) स्तोत्रावर उभ्या आहेत. 'शार्का' आणि चौथी रचना सुट्या ऐकल्या तरी चालतात.