तुम्ही हसलात, तेव्हा त्याने वही मिटली

ताई,
माझ्या ऑफिसात एक कृष्णवर्णीय सहकारी आहे. दोन वर्षं आम्ही शेजारी बसतो, एकमेकांच्या मुलांची दुखणी-खुपणी, परीक्षा सगळं आम्हाला माहीत असतं. तीन आठवड्यांपूर्वी मीटिंगमध्ये प्रोजेक्टरसाठी दिवे घालवले, तेव्हा साहेब म्हणाले, "आता याचे फक्त दात दिसणार." सगळे हसले. मीही हसलो. दिवे लागले तेव्हा पाहिलं, त्याने वही मिटून ठेवली होती, पेनाला टोपण लावलं होतं. तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. बायको म्हणते, विषय उकरून काढू नका, विसरतील ते. मला मात्र झोप लागत नाही. मी कधी कुणाचा रंग बघून वागलेलो नाही, मग हसलो कसा? आणि मी तसा माणूस नाही, हे त्याला कसं पटवून देऊ?
– एक अस्वस्थ वाचक

प्रिय वाचक,

ती मिटलेली वही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पहिल्यांदाच घाव बसलेला माणूस चिडतो, उलटून बोलतो, निदान दचकतो तरी. शांतपणे टोपण लावणाऱ्याने असलं पुष्कळदा ऐकलेलं असतं. म्हणून तो विसरेल असं मला वाटत नाही. तुमच्या पत्नीला तुमची काळजी आहे हे कळतं, पण गप्प राहिलात तर त्याला त्याचा एकच अर्थ लागेल.

हसलो कसा, असं विचारता. साहेब हसले म्हणून हसलात. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेन एलियट या शिक्षिकेने आपल्या तिसरीच्या वर्गाचे डोळ्यांच्या रंगावरून दोन गट पाडले. एका रंगाच्या डोळ्यांची मुलं हुशार, दुसऱ्या रंगाची कमी, असं बाईंनी सांगितलं आणि नंतर ते उलटवलं. वर्गातली झाडून सगळी मुलं गोरी होती, तरी कालपर्यंत एकत्र खेळणारी ती मुलं काही तासांत एकमेकांना हिणवू लागली. लहान मुलांवर असा प्रयोग करावा का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. पण त्यातून दिसलं ते खरं आहे. वरच्या माणसाने मुभा दिली की चांगल्या घरची, चांगल्या मनाची माणसंही सामील होतात. मनात द्वेष असावाच लागतो असं नाही. तुम्ही दुष्ट नाही. पण त्या खोलीत त्याच्या बाजूने एकही माणूस नव्हता, आणि दोन वर्षं शेजारी बसलेले तुम्ही होतात. साहेबांकडून त्याने कदाचित अपेक्षा ठेवलीच नसेल. तुमच्याकडून ठेवली होती.

"चेष्टाच तर होती" असं कुणीतरी म्हणेलच. २००४ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बोस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५००० बनावट अर्ज पाठवले होते. अर्जांचा दर्जा सारखाच, काहींवर गोऱ्यांची वाटतील अशी नावं, काहींवर कृष्णवर्णीयांची. गोऱ्या नावाला साधारण १० अर्जांमागे एक बोलावणं आलं, दुसऱ्या नावाला १५ अर्जांमागे. अर्ज बाजूला टाकणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःला वर्णद्वेषी म्हटलं असतं? एकानेही नाही, असं मला वाटतं. हे वरचे पाच अर्ज तुमच्या सहकाऱ्यानेही भरले असतील. एवढं करून मिळवलेल्या खुर्चीवर बसून साहेबांना उलट उत्तर देणं किती महाग पडेल, याचा हिशेब त्याने वही मिटता मिटता केला असेल. तुम्हाला तो हिशेब करावा लागत नाही. म्हणून बोलायचं काम तुमचं होतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. राग मानू नका, पण तो प्रश्नच मला खुपला. "मी तसा माणूस नाही हे पटवून द्यायचं" म्हणजे त्याच्याकडून चांगुलपणाचा दाखला घ्यायचा. अपमान त्याचा झाला, आणि आता तुमची समजूतही त्यानेच काढायची? माफी मागा, पण हे ओझं त्याच्या डोक्यावर ठेवू नका.

तो एकटा असेल, घाईत नसेल, तेव्हा सांगा: "त्या दिवशी साहेब तुझ्या रंगावरून बोलले आणि मी हसलो. ते चूक होतं. मी तिथेच बोलायला हवं होतं. तू मला काही उत्तर द्यायलाच हवंस असं नाही." बस, एवढंच. "तुला वाईट वाटलं असेल तर" हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका, त्यात वाईट वाटण्याचा दोष त्याच्याकडे जातो. आपल्या झोपेचं रडगाणं नको. इतर कृष्णवर्णीय मित्रांची यादी तर मुळीच नको.

त्याच वेळी आणखी एक विचारा: "मी साहेबांशी बोलणार आहे. तुला चालेल का?" हे विचारणं फार गरजेचं आहे. तुम्ही आवेशात जाल, आणि यानेच भरवलं असा साहेबांचा समज होऊन त्रास त्याला होईल. तो नको म्हणाला तर त्या दिवसाचा विषय काढू नका. हो म्हणाला तर साहेबांना एकांतात सांगा की त्याने तक्रार केलेली नाही, मी माझ्यापुरतं बोलतोय, मी हसलो याची मला लाज वाटते आणि पुन्हा असं झालं तर मी गप्प बसणार नाही. लेखी तक्रार करायची की नाही, हे त्याचं त्याला ठरवू द्या. करायची म्हणाला तर साक्षीदार म्हणून तुमचं नाव द्यायला सांगा, आणि मग मागे फिरू नका.

पुढच्या वेळेसाठी एक वाक्य आत्ताच तयार ठेवा, कारण ऐन वेळी जीभ रेटत नाही. भाषण लागत नाही. "यात हसण्यासारखं काय आहे, मला कळलं नाही," एवढं साध्या आवाजात म्हटलं तरी हसू थांबतं. मग विनोद करणाऱ्याला तो समजावून सांगावा लागतो, आणि असले विनोद समजावून सांगता येत नाहीत.

माफीनंतर तो लगेच पूर्वीसारखा बोलेल अशी आशा धरू नका. नुसतं "ठीक आहे" म्हणेल आणि कामाला लागेल. कदाचित पुन्हा कधीच आपल्या मुलांविषयी काही सांगणार नाही. त्याबद्दल रुसू नका, तुमच्या मुलांच्या गोष्टी त्याच्यावर लादू नका. कामाचं बोलणं नीट चालू ठेवा. आणि परत मीटिंगमध्ये दिवे जातील तेव्हा त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसा.

तुमची,
ताई