नाशिकमध्ये हमिंगबर्ड दिसतो का? त्याच्यासाठी साखरपाण्याचा फीडर लावू का?

कॉलेज रोडच्या तुमच्या बाल्कनीत जास्वंदीपुढे थरथरत थांबणारा, काळानिळा, वाकड्या चोचीचा जो चिमुकला पक्षी तुम्ही वर्णन केलाय, तो शिंजीर. बहुतेक जांभळा शिंजीर. काहीजण सूर्यपक्षी म्हणतात. सोबत पोटाशी पिवळट, पाठीवर मळकट तपकिरी असा पक्षी येत असेल तर ती त्याची मादी.

हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि आज त्या सगळ्या अमेरिकेच्या दोन खंडांत आणि तिथल्या बेटांवरच राहतात. गंमत म्हणजे जर्मनीत त्यांच्या पूर्वजांचे सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म मिळालेत. नात्याने हमिंगबर्ड आपल्या पाकोळी पक्ष्यांच्या जवळचा, तर शिंजीर चिमणी-बुलबुलांच्या गोतातला. दोघांनी आपापल्या मुलखात फुलांतला मकरंद धरला आणि चोची सारख्या झाल्या.

पुढच्या वेळी त्याच्या पायांकडे बघा. शिंजीर क्षणभर फडफडतो, पण जमेल तिथे देठ पकडून बसूनच पितो. हमिंगबर्डला बसावं लागत नाही. त्याचा पंख खांद्यातून असा फिरतो की वर जातानाही हवा दाबली जाते. उचलीचा साधारण पाव हिस्सा त्यातून मिळतो. म्हणून तो एका जागी तरंगतो, मागेही उडतो. त्यासाठी हृदय मिनिटाला हजाराहून जास्त वेळा धडधडू शकतं. एवढी भट्टी रात्रभर उपाशीपोटी पेटती ठेवणं परवडत नाही, म्हणून कितीतरी जाती रात्री अंग थंड पाडतात, ठोके पन्नासाच्या आसपास उतरतात आणि पहाटे थरथरून पुन्हा ऊब आणतात. दोन-चार ग्रॅमचा जीव हे करतो, याचं मला त्याच्या उडण्यापेक्षाही जास्त अप्रूप आहे.

फीडर मागवू नका. जास्वंद आहेच, जागा असेल तर आणखी एक लावा, फक्त कीटकनाशक मारू नका. शिंजीर काय किंवा हमिंगबर्ड काय, पिल्लं नुसत्या गोड रसावर वाढत नाहीत. त्यांना बारीक किडे आणि कोळी लागतात.

घरट्यालाही कोळिष्टकंच लागतात. दोन वर्षांपूर्वी पाडव्याच्या आवराआवरीत आमच्या कपड्यांच्या तारेला लोंबणारं एक जळमट मी झाडूने ओढणार, तेवढ्यात आईने हात धरला. वाळकी पानं, सालपटं, अळ्यांची विष्ठा असला सगळा कचरा जाळ्याने चिकटवलेला. बाजूला भोक आणि त्यावर इवलीशी पडवी. आत मादी बसली होती. मग महिनाभर आम्ही कपडे गच्चीवर वाळवले.

तुमची मादी चोचीत कोळिष्टक घेऊन एकाच कोपऱ्यात जाताना दिसली, तर तिथे झाडू फिरवू नका आणि फोटोसाठी फार जवळ जाऊ नका.