कंपनीचा ईमेल बाहेरच्या सेवेला जोडताना
अंधेरीच्या कार्यालयातून बिले पाठवणारी सेवा तुम्ही ईमेलला जोडणार असाल, तर मालकांचे खाते त्यासाठी देऊ नका. त्या कामापुरते वेगळे खाते उघडा, म्हणजे पुढे ती सेवा सोडली तरी इतर पत्रव्यवहाराला धक्का लागणार नाही.

गूगल वर्कस्पेसने २०२५ मध्ये बाहेरच्या ॲपना नेहमीच्या पासवर्डने प्रवेश देणे बंद केले, त्यामुळे तो पुन्हापुन्हा भरून उपयोग नाही. ओऑथने, म्हणजे सेवेला पासवर्ड न देता गूगलच्याच पानावरून, परवानगी द्यावी. सेवेत ती सोय नसेल तरच द्विस्तरीय पडताळणी चालू करून फक्त त्या सेवेपुरता १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्यावा. सेवेच्या सेटिंगमध्ये ईमेल पाठवण्यासाठी एसएमटीपीचे पोर्ट (जोडणीचा क्रमांक) ५८७ आणि वाचण्यासाठी आयमॅपचे ९९३ सहसा पुरते.

खरी गोम डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या (ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या) नोंदींमध्ये आहे. एका डोमेनला एसपीएफची, म्हणजे त्याच्या नावाने ईमेल कोण पाठवू शकते हे सांगणारी, एकच नोंद चालते. नव्या सेवेसाठी दुसरी टाकली, तर ईमेल घेणाऱ्या सर्व्हरची तपासणी दोन्ही नोंदी बाद ठरवते. मी स्वतः हा घोळ घातला होता आणि दादरच्या एका दुकानाची बिले गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जाऊन पडली होती (दुकानदाराचे बोलणे अजून आठवते). म्हणून जुन्याच नोंदीत नव्या सेवेचे नाव जोडा, ती तपासताना लागणारे डीएनएस शोध दहाच्या आत ठेवा आणि सेवेने दिलेली डीकिमची (ईमेलवरच्या डिजिटल सहीची) नोंदही न विसरता टाका.