चाचणीत मार्क चांगले, तरी सुया टोचतातच, असं का?

तुमचा प्रश्न असा, की सफाई कर्मचाऱ्यांचं जैववैद्यकीय कचऱ्याचं, म्हणजे रुग्णालयातल्या वापरलेल्या सुया, रक्ताळलेल्या पट्ट्या वगैरे हाताळण्याचं, प्रशिक्षण झालं, चाचणीत मार्कही चांगले पडले, तरी दर महिन्याला कुणाला ना कुणाला सुई टोचतेच. संसर्ग नियंत्रणाची नर्स म्हणून बरीच वर्षं हेच बघतेय, त्यामुळे स्पष्टच सांगते: तुम्ही परीक्षा चुकीच्या माणसांची घेतलीत.

मावशींना टोचणारी सुई मावशींनी टाकलेली नसते. ती डॉक्टरांनी नाहीतर आम्हा नर्सेसनी घाईघाईत चादरीच्या घडीत, ट्रेमध्ये किंवा साध्या कचऱ्यात सोडलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आरोग्यसेवेतला सुमारे 85 टक्के कचरा साधाच असतो. गंमत अशी, की साध्या पिशवीला हात लावताना जाड हातमोजे कोण घालतो? म्हणून नोंदवहीत 'कुणाला टोचली' याच्याआधी 'सुई कुठून आली' हा रकाना घाला. दोन-तीन महिन्यांत ठरावीक वॉर्डच पुन्हा पुन्हा दिसायला लागतील. सुयांचा डबा पाऊण भरला की बदलायचा, हे कुणाचं काम आहे तेही तिथे नाव घालून ठरवा.

दुसरं, पिशवी भरल्यावर काय होतं ते एकदा उभं राहून बघा. जागा व्हावी म्हणून हाताने दाबतात, गाठ मारतात आणि मांडीला टेकवून नेतात. मी एकदा सरावाच्या पिशवीत ओल्या शाईत बुडवलेल्या बोथट काड्या भरल्या आणि नेहमीसारखी उचलायला सांगितली. युनिफॉर्मवर मांडीपाशी चार निळे ठिपके उमटले. त्यावर मला वेगळं भाषण द्यावं लागलं नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. आमच्या एका सफाई कर्मचारी मामांनी सुई टोचल्याचं मला नवव्या दिवशी सांगितलं. "मुंगी चावल्यासारखं झालं, सांगून कशाला बोलणी खायची?" एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांतच सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका हजारात साधारण 3 इतकाच. हिपॅटायटिस बीचा (यकृताच्या संसर्गाचा) मात्र, लस घेतलेली नसेल तर, शंभरात 6 ते 30. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो. लसीचे तीन डोस असतात. कंत्राटी लोकांची नावं लसीकरणाच्या यादीत आहेत का, हे आजच तपासा; बहुतेकदा नसतात.

टोचल्यावर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, ब्लीच लावायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, मग लगेच फोन.

चाचणी पुन्हा घ्यायचीच असेल तर एकच प्रश्न ठेवा: रात्री दोन वाजता सुई टोचली तर फोन कुणाला करणार? आणि तोच पेपर निवासी डॉक्टरांनाही द्या.